मालदांडीचे पंचांग

सप्टेंबर महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात सोलापूरहून मोहोळच्या किंवा मंगळवेढ्याच्या रस्त्याने जाऊन पाहावे. पावसाळाभर मोकळी ठेवलेली काळी राने कुळवून तयार असतात. उत्तरा नाहीतर हस्ताचा एक चांगला पाऊस व्हावा, एवढीच वाट असते. पाऊस होतो, वाफसा येतो आणि पाभरी चालू लागतात. त्यानंतर पावसाचा फारसा भरवसा नसतो. जमिनीत जी ओल साठली असेल तिच्यावरच पुढचे चार महिने ज्वारीला काढायचे असतात. डिसेंबरच्या सुमारास ज्वारी पोटरीतून निसवते, फुलोऱ्यावर येते, जानेवारीत हुरड्याच्या आगट्या पेटतात आणि पुढे काढणी होते.

आमच्याकडे हे दरवर्षीच होत असल्यामुळे त्यात काही नवल आहे असे कुणाला वाटत नाही. माझ्या आजोबांना मी लहानपणी एकदा विचारले होते, की ज्वारीला आता कणीस काढायचे हे कसे कळते? ते म्हणाले, "तिचं पंचांग तिच्यापाशी असतं." पुढे जीवशास्त्र शिकलो, संशोधनाला लागलो, तेव्हा लक्षात आले की हे उत्तर विनोदाने दिलेले असले तरी जवळजवळ बरोबर होते. ज्वारीजवळ खरोखरच एक पंचांग असते. ते तिच्या जनुकांत असते. मात्र नुसते जनुक असून भागत नाही. ते योग्य वेळी चालू किंवा बंद व्हावे लागते. जनुकांच्या या चालू-बंद होण्याचा इतिहास सांगताना पुस्तके बहुधा पॅरिसच्या प्रयोगशाळेपासून सुरुवात करतात. आपण तो मोहोळपासून सुरू करू या, कारण त्यातला एक मोठा धडा आपल्याच रानात शिकायला मिळाला आहे.

एक कणीस, एक ओळ

'जीन' म्हणजे जनुक हा शब्द १९०९ साली डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सेन यांनी वापरात आणला. त्याआधी, १९०३ साली, त्यांनी घेवड्यावरील प्रयोगांतून 'शुद्ध वंशा'ची कल्पना मांडली होती. जे पीक मुख्यतः स्वतःच्याच परागाने फळते, त्याचे एकेक झाड वेगळे काढून त्याची संतती वेगळी वाढवली तर प्रत्येक ओळ आपापल्या गुणांना धरून राहते, असे त्यांना दिसले. या कल्पनेचा उपयोग जगभरच्या कृषिसंशोधकांनी लगेच केला. पद्धत साधी होती. शेतकऱ्यांच्या रानात फिरून चांगली कणसे निवडायची, प्रत्येक कणसाचे दाणे वेगळ्या ओळीत पेरायचे, ओळींची वर्षानुवर्षे तुलना करायची आणि सरस ठरेल ती ओळ वाढवायची.

त्या काळात सोलापूरच्या कोरडवाहू शेतीचा प्रश्न सरकारदरबारी पोहोचला होता. १९३३ साली सोलापूरला कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले. ओल जमिनीत कशी मुरवावी आणि कशी टिकवावी यावर तेथे पद्धतशीर काम झाले. याच दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून एक वाण काढण्यात आला. त्याचे नाव एम ३५-१. शेतकरी त्याला आजही मालदांडीच म्हणतात. टपोरा, मोत्यासारखा दाणा, गोड भाकरी आणि जनावरे आवडीने खातात असा कडबा, ही त्याची ओळख. नव्वद वर्षांच्या आसपास झाली, तरी हा वाण रब्बीच्या रानातून गेलेला नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागेही हीच मालदांडीची परंपरा आहे.

मोहोळच्या संशोधकांनी काय निवडले? दाणा निवडला, ताट निवडले, हे तर खरेच. पण त्यांना न दिसणारी आणखी एक गोष्ट त्यांनी निवडली होती, ती म्हणजे वेळ. साठलेल्या ओलीवरच्या पिकात वेळेला फार किंमत असते. कणीस लवकर आले तर ताट लहान राहते, कडबा कमी मिळतो. उशिरा आले तर दाणा भरण्याच्या वेळी जमीन भेगाळलेली असते आणि दाणे चिरमुटतात. दरवर्षीच्या तुलनेत जी ओळ टिकली तिचे वेळापत्रक सोलापूरच्या ओलीशी जुळलेले होते. ते वेळापत्रक कोणत्या रेणूंत लिहिलेले आहे, हे त्या काळी जगात कुणालाच माहीत नव्हते. जनुक डी.एन.ए.चे असते, हेही १९४४ नंतर हळूहळू मान्य झाले.

सारे धागे मागावर, उचलतात मात्र काही

येथे विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात. मुळाच्या पेशीत आणि पानाच्या पेशीत डी.एन.ए. एकच असेल, तर मूळ मुळासारखे आणि पान पानासारखे का होते?

सोलापूरच्या मुलांना याचे उत्तर चादरीवरून समजावता येईल. जॅकार्डच्या मागावर ताण्याचे सगळे धागे सदैव ताणलेले असतात. पण बाण्याच्या प्रत्येक फेरीला सगळे धागे उचलले जात नाहीत. भोके पाडलेले पुठ्ठे असतात. भोक असेल तेथला धागा उचलला जातो, नसेल तेथला खाली राहतो. धागे तेच असले तरी पुठ्ठे बदलले की नक्षी बदलते. पेशीतही असेच घडते. ज्वारीच्या पेशीत दहा गुणसूत्रजोड्या आणि जवळपास ३० हजार जनुके आहेत. २००९ साली ज्वारीच्या जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले तेव्हा हा अंदाज मिळाला. पण कोणत्याही एका पेशीत, कोणत्याही एका वेळी, यांतली काहीच जनुके कामावर असतात. जे जनुक कामावर येते त्याची आर.एन.ए.च्या रूपात नक्कल निघते, ती नक्कल वाचून प्रथिन तयार होते आणि प्रथिन पेशीतले काम करते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

ज्वारीचेच एक उदाहरण प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी माहीत असते. ज्वारीची भाकरी आपण रोज खातो. पण कोवळी किंवा पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी जनावराने पोटभर खाल्ली तर ते दगावू शकते. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचे द्रव्य असते. ते १९०२ साली वेगळे करण्यात आले. त्याचे नाव ज्वारीच्या अरबी नावावरून पडले. पाने चावली गेली की धुरीनपासून हायड्रोसायनिक आम्ल हे विष सुटते. पक्व दाण्यात धुरीन नसते. दाणा रुजला की दोन-चार दिवसांत कोंबात ते भरपूर तयार होते. दाण्याचा डी.एन.ए. आणि कोंबाचा डी.एन.ए. एकच. धुरीन बनवणाऱ्या विकरांची जनुके पक्व दाण्यातही असतातच, पण ती तेथे निजलेली असतात. कोंबात ती जागी होतात. एकच दाणा आपल्याला अन्न आणि त्याचाच कोंब गाईला विष, हा फरक जनुकांच्या असण्या-नसण्याचा नसून जागे होण्याचा आहे.

जिवाणूंनी दाखवलेली वाट

जनुके चालू-बंद होतात हे पुराव्यानिशी प्रथम दिसले ते मात्र जिवाणूंमध्ये. १९४०च्या सुमारास पॅरिसमध्ये झाक मोनो नावाचे तरुण संशोधक जिवाणूंना दोन प्रकारच्या साखरा एकदम देऊन त्यांची वाढ मोजत होते. ग्लुकोज आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, एकत्र दिल्यास जिवाणू आधी ग्लुकोज संपवतात, मग त्यांची वाढ काही काळ थबकते आणि नंतर लॅक्टोजवर पुन्हा सुरू होते, असे त्यांना दिसले. थबकण्याच्या या काळात जिवाणू लॅक्टोज फोडणारे विकर तयार करत असतात. म्हणजे ते विकर बनवण्याची कुवत त्यांच्यात आधीपासून होती. गरज पडेपर्यंत ती वापरलेली नव्हती.

पुढची वीस वर्षे या थबकण्याचा अर्थ लावण्यात गेली. मधल्या काळात महायुद्ध झाले. मोनो फ्रान्सच्या भूमिगत प्रतिकारलढ्यात होते. युद्धानंतर फ्रान्स्वा जाकोब त्यांना येऊन मिळाले. १९६१ साली दोघांनी मिळून एक सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या मांडणीचा आजच्या माहितीनुसार गोषवारा असा. काही जनुके प्रत्यक्ष कामाची प्रथिने बनवतात. दुसरी काही जनुके नियंत्रकाचे काम करतात. नियंत्रक जनुकापासून तयार झालेले प्रथिन डी.एन.ए.वर ठराविक जागी जाऊन बसते आणि शेजारच्या जनुकांची नक्कल निघू देत नाही. लॅक्टोज आले की त्यापासून पेशीत तयार होणारा एक रेणू या प्रथिनाला चिकटतो, प्रथिन डी.एन.ए. सोडते आणि वाट मोकळी होते. दाराशी बसलेला राखणदार पाहुण्याने हात धरून बाजूला न्यावा, तसे हे आहे. १९६५ साली आंद्रे ल्वोफ यांच्यासह दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा 'राखणदार' खरोखरच प्रथिन आहे, हे पुढच्याच वर्षी, १९६६ साली, अमेरिकेत वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी तो वेगळा काढून दाखवले.

जनुक हे केवळ आईबापांकडून आलेल्या गुणाचे गाठोडे नाही, बाहेरच्या परिस्थितीची खबर घेऊन चालू-बंद होणारी ती यंत्रणा आहे, ही दृष्टी येथून आली. जिवाणूला साखरेची खबर लागते. मग रानात उभ्या असलेल्या ज्वारीला कशाची लागते?

रात्र मोजणारी झाडे

या प्रश्नाचे पहिले उत्तर खरे तर मोनोंच्याही आधी मिळाले होते, पण ते समजायला शंभर वर्षांच्या घरात काळ लागला. अमेरिकेच्या कृषिखात्यातील गार्नर आणि अलार्ड यांच्याकडे तंबाखूचा एक वाण होता. तो उन्हाळ्यात नुसता उंच वाढे, फुलत नसे. पाणी, खत, उष्णता असे सगळे बदलून झाले. शेवटी त्यांनी उन्हाळ्यात कुंड्या दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायला सुरुवात केली आणि तंबाखू फुलला. झाडे दिवसाची लांबी ओळखतात, हा निष्कर्ष त्यांनी १९२० साली प्रसिद्ध केला. पुढे १९३८ साली हॅम्नर आणि बॉनर यांनी दाखवले की अशा झाडांच्या बाबतीत महत्त्व दिवसापेक्षा अखंड रात्रीला आहे. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी त्यांच्या प्रयोगातले झाड फुलायचे थांबे.

ज्वारी अशाच, दिवस लहान झाल्यावर फुलणाऱ्या वनस्पतींपैकी आहे. रब्बीच्या देशी ज्वारीत हा गुण कमी-अधिक प्रमाणात असतो. ती जूनमध्ये पेरली तर अधिक उंच वाढते आणि कणसावर यायला जास्त दिवस घेते. सोलापुरात २१ जूनचा दिवस सुमारे १३ तास १० मिनिटांचा, तर २२ डिसेंबरचा सुमारे ११ तास ५ मिनिटांचा असतो. म्हणजे वर्षभरात फरक पडतो तो जेमतेम दोन तासांचा. सप्टेंबरच्या अखेरीपासून दिवस रोज एका मिनिटाहूनही कमी इतका आखडत जातो. आपल्या ते ध्यानातही येत नाही. झाडाच्या येते.

यामागच्या जनुकांचा माग पहिल्यांदा लागला तो टेक्सासमध्ये. ज्वारी मूळची आफ्रिकेची. उष्ण कटिबंधातील ज्वारी टेक्सासमध्ये नेली तर तिथल्या उन्हाळ्यातील १४ तासांहून मोठ्या दिवसांत ती फुलायचे नावच घेत नसे. शेतकऱ्यांनी मधूनच आढळणारी लवकर फुलणारी झाडे जपली आणि त्यांतून 'मिलो' ज्वारीचे वाण झाले. १९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची तांबडी मिलो ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. ते नाव याच ज्वारीचे. क्विनबी आणि कार्पर या दोघांनी मिलोच्या निरनिराळ्या वाणांचे संकर करून १९४५ साली दाखवले की फुलण्याची वेळ मुख्यतः तीन जनुके ठरवतात. त्यांना एम.ए.-१, एम.ए.-२, एम.ए.-३ अशी नावे दिली. सर्वांत मोठा परिणाम पहिल्याचा होता. हे जनुक धडधाकट असेल तर लांब दिवसांत ज्वारी फुलत नाही. ते बिघडलेले असेल तर फुलते. म्हणजे टेक्सासच्या शेतकऱ्यांनी जपलेला लवकरपणा हा मुळात एका जनुकातील बिघाड होता!

हे जनुक करते तरी काय, हे कळायला २०११ साल उजाडावे लागले. त्याआधी १९९७ साली एम.ए.-३ हे जनुक फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्याचे आहे असे सिद्ध झाले होते. फायटोक्रोम म्हणजे पानाचा डोळाच. तांबडा प्रकाश पडला की त्याचे रूप बदलते आणि पेशीला उजेडाची वर्दी मिळते. २०११ साली टेक्सासच्या संशोधकांनी एम.ए.-१ ओळखले. त्यांना आढळले की हे जनुक दिवसातून दोनदा चालू होण्याच्या बेतात येते, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. ही वेळ पेशीतील अंतर्गत घड्याळ ठरवते. पण संध्याकाळी चालू होण्यासाठी त्या वेळी उजेडही असावा लागतो. दिवस लांब असेल तर संध्याकाळी अजून उजेड असतो. जनुक चालू होते आणि त्यापासून झालेले प्रथिन फुलोऱ्याच्या जनुकांना दाबून धरते. दिवस लहान झाले की तीच वेळ अंधारात येते. संध्याकाळची पाळी चुकते, दाब सुटतो आणि पानात फुलोऱ्याचा निरोप देणारे एक छोटे प्रथिन तयार होते. ते पानातून खोडाच्या शेंड्याकडे जाते. आतापर्यंत पानेच काढणारा शेंडा त्यानंतर कणसाची घडण सुरू करतो. आपल्याला कणीस दिसते ते पोटरी फुटल्यावर. त्याची सुरुवात मात्र काही आठवडे आधी, ताटाच्या आत, कुणाला न कळता झालेली असते.

येथे मोनो-जाकोब आणि गार्नर-अलार्ड यांचे दोन रस्ते एकत्र येतात. जिवाणूत राखणदाराला हटवणारी साखर होती. ज्वारीत राखणदाराला कामावर येऊ न देणारा काळोख आहे. आजोबांच्या पंचांगाची तिथी संध्याकाळी ठरते.

हायब्रीड आले, रब्बी अडली

आता पुन्हा आपल्या रानात येऊ. १९५४ साली अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मिलो आणि काफिर या दोन प्रकारच्या ज्वाऱ्यांच्या संकरातून नरवंध्य ज्वारी मिळवली. नरवंध्य म्हणजे जिच्या फुलात कार्यक्षम पराग तयार होत नाहीत अशी. तिच्या ओळी दुसऱ्या वाणाशेजारी लावल्या की संकरित बियाणे मोठ्या प्रमाणावर मिळू लागले. याच मार्गाने १९६४ साली भारतात सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा न करणारा, बुटका, शंभरएक दिवसांत तयार होणारा. खरिपात त्याने आणि त्याच्या पाठच्या भावंडांनी उत्पादन खूपच वाढवले. भाकरीच्या चवीबद्दल आणि पावसात सापडून काळ्या पडलेल्या दाण्याबद्दल लोकांनी नाके मुरडली, 'हायब्रीड' हा शब्दच बोलीभाषेत चेष्टेचा झाला, पण दुष्काळाच्या त्या वर्षांत या वाणांनी पोटे भरली हे विसरून चालणार नाही.

खरिपातले हे यश रब्बीत मात्र तसे मिळाले नाही. कारणे अनेक होती. खोडमाशी होती, ओल संपत आली की ताटे कोलमडवणारा खडखड्या रोग होता, बाजारात मालदांडीच्या दाण्यालाच मिळणारा भाव होता. पण एक कारण थेट आपल्या विषयाशी जोडलेले आहे. संकरित वाणात नरवंध्यत्व मातेच्या पेशीद्रव्यातून, म्हणजे सूत्रकणिकांमधून येते. संकरित झाडाला दाणे धरायचे तर त्याच्या फुलांत पराग पुन्हा तयार व्हायला हवेत. त्यासाठी पित्याकडून 'पुनःस्थापक' जनुके घ्यावी लागतात. अशा एका पुनःस्थापक जनुकाचा शोध ज्वारीत २००५ साली लागला. ते ज्या प्रथिनकुळातील आहे, त्या कुळातील प्रथिने सूत्रकणिकेत जाऊन तेथील आर.एन.ए.ला चिकटतात आणि त्यात फेरफार करतात. म्हणजे पेशीकेंद्रातील जनुक सूत्रकणिकेतील जनुकाला आवर घालते. एका पेशीत दोन ठिकाणचे डी.एन.ए. आणि त्यांच्यात चाललेली ही ओढाताण, हे अभिव्यक्तीच्या नियंत्रणाचेच एक रूप आहे.

रब्बीत ज्वारी फुलते ती थंडीत. फुलोऱ्याच्या काळात रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास किंवा खाली उतरले तर अनेक संकरित वाणांत हे पुनःस्थापन पुरेसे होत नाही. पराग कमी पडतात आणि कणसात दाण्यांऐवजी रिकामी जागा राहते. पुनःस्थापक जनुक झाडात असते. पण थंड रात्री त्याचे काम पुरेसे होत नाही. मालदांडी हा सरळ वाण आहे, त्याला या पुनःस्थापनाची गरजच नाही. तो थंडीत निमूटपणे दाणा धरतो. रब्बीसाठी खास संकरित वाण पुढे निघाले, १९९५ सालचा सीएसएच-१५ आर हा त्यांपैकी एक. तरी मालदांडीची जागा त्यांना घेता आली नाही.

गंमत अशी, की मालदांडीच्या स्वतःच्या पेशीद्रव्यातही नरवंध्यत्व आणण्याची क्षमता आहे आणि ती मिलोपेक्षा वेगळ्या प्रकारची आहे. संशोधक तिला ए-४ गटात धरतात. मिलोच्या नरवंध्यत्वावर चालणारे बहुतेक पुनःस्थापक तिच्यावर चालत नाहीत. मालदांडी ज्याच्या-त्याच्याशी जमवून घेणारी नव्हे!

पंचांग आणि पाऊस

या सगळ्या इतिहासातून मला एकच गोष्ट शिक्षकांपुढे ठेवायची आहे. चांगला वाण म्हणजे चांगल्या जनुकांची बेरीज, असे आपण फळ्यावर लिहून मोकळे होतो. मालदांडीने दाखवले ते निराळे आहे. जनुके कोणती, याइतकेच ती कधी आणि कशामुळे जागी होतात, हे महत्त्वाचे. त्यामुळे एका रानात सरस ठरलेला वाण दुसऱ्या रानात, दुसऱ्या ऋतूत सरस ठरेलच असे नाही.

आज ही गोष्ट पुस्तकी राहिलेली नाही. परतीचा पाऊस अलीकडे कधी रेंगाळतो, कधी एकदम कोसळतो. ऑक्टोबर २०२०च्या मध्यावर सोलापूर आणि पंढरपूर भागात झालेली अतिवृष्टी सर्वांना आठवत असेल. वाफसा लांबला की पेरणी लांबते. पण झाडाचे पंचांग पावसावर चालत नाही, सूर्यावर चालते. हवामान कितीही बदलले तरी २२ डिसेंबरची रात्र होती तेवढीच राहणार. पूर्वी पाऊस आणि पंचांग एकमेकांना धरून होते. म्हणून तर मोहोळच्या निवडीला अर्थ आला. आता पाऊस सरकू लागला आणि पंचांग जागच्या जागी राहिले, तर उशिरा पेरलेल्या ज्वारीला वाढायला दिवस कमी पडतात आणि ताट लहान असतानाच तिला कणसाचा निरोप मिळतो.

यावर उपाय शोधायचा तर वेगवेगळ्या पंचांगांचे वाण हाताशी हवेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा असे जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले आहेत. त्यामागचा विचार हाच, की जेथे ओल लवकर संपते तेथे घाई करणारा वाण हवा. सोलापुरात भारतीय कदन्न संशोधन संस्थेचे रब्बी ज्वारीसाठी स्वतंत्र केंद्रही आहे. पण नवीन वाण काढायला कच्चा माल लागतो आणि तो शेतकऱ्यांच्या जुन्या बियाण्यात असतो. रब्बी ज्वारीचे क्षेत्र कमी होत चालले आहे. एखाद्या गावातील जुनी ज्वारी पेरायची बंद झाली की तिच्यासोबत एक पंचांगही जाते आणि ते पुन्हा छापून मिळत नाही.

शाळेत करून पाहण्यासारखे

हा विषय फळ्यावर शिकवण्यापेक्षा कुंडीत शिकवणे सोपे आहे. जून महिन्यात मोठ्या कुंड्यांत किंवा पत्र्याच्या डब्यांत मालदांडी पेरावी. रोपे पंधरा दिवसांची झाली की त्यांचे दोन गट करावेत. एक गट उघड्यावर ठेवावा. दुसऱ्या गटावर रोज संध्याकाळी पाचला काळ्या कापडाने आतून मढवलेले खोके झाकावे आणि सकाळी सातला काढावे. खोक्यात उजेड शिरणार नाही, पण हवा खेळेल अशी व्यवस्था हवी. पाणी, माती, खत दोन्ही गटांना सारखे. रविवार आणि सुट्ट्यांची पाळी मुलांनी आपसांत ठरवावी. एकही संध्याकाळ चुकता कामा नये. दर आठवड्याला उंची आणि पानांची संख्या नोंदवावी आणि पोटरी प्रथम केव्हा दिसली ते लिहून ठेवावे. जमल्यास शेजारीच एखाद्या खरीप संकरित वाणाचेही असेच दोन गट ठेवावेत. दोन्ही वाणांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या की काळोखाचे म्हणणे कोण ऐकते आणि कोण ऐकत नाही, याचा निर्णय मुलांनाच करता येईल. कुंड्यांना कुंपण मात्र घालावे. कोवळी ज्वारी जनावरांच्या तोंडी लागू नये, याचे कारण आता मुलांना सांगता येईल.

आणखी एक काम आहे. मुलांनी आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे, की त्यांच्या गावात पूर्वी कोणकोणत्या ज्वाऱ्या पेरत, त्या कोणत्या नक्षत्रावर पेरत आणि हुरड्याला कधी येत. ही यादी वर्गात टांगावी. ज्या ज्वारीचे बी अजून कुणाच्या घरी असेल ते मूठभर आणून, नाव आणि तारीख लिहून, कोरड्या बाटलीत ठेवावे आणि पुढच्या हंगामात शाळेच्या आवारात एक ओळ पेरावी. मोहोळच्या संशोधकांनी याहून वेगळे काही केले नव्हते: एक कणीस, एक ओळ, आणि वर्षानुवर्षे धीर धरून पाहणे.